मे महिन्यातलं स्नोबोर्डिंग: जागा निवडताना मी काय बघते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सुट्टी मेच्या दुसऱ्या आठवड्यातच मिळते. मध्यम उतारावर दोन्ही एजवर (बोर्डाच्या पोलादी कडांवर) वळता येतं, पण बोर्ड पाठीला बांधून डोंगर चढणं जमणार नाही. गेल्या वर्षी 'दीड मीटर बर्फ' ही नोंद वाचून एके ठिकाणी गेलात. सकाळी उतार काचेसारखा, दुपारी नुसता रबरबाट, आणि खालचा टप्पा तर बोर्ड काखोटीला मारून चालत उतरावा लागला. मग हंगाम संपता संपता जागा शोधायची तरी कशी?

ती दीड मीटरची नोंद खोटी नसणार. मोजायची काठी बहुतेकदा डोंगराच्या मधल्या किंवा वरच्या भागात, वाऱ्याच्या आडोशाला रोवलेली असते आणि तिथे तेवढा बर्फ असतोच. शिवाय मेमधला बर्फ दाबून बसलेला असतो. नुकत्या पडलेल्या भुरभुरीत बर्फात जेमतेम दहावा हिस्सा पाणी असतं, तर वसंतातल्या बर्फात जवळपास निम्मं. कडक उन्हाच्या दिवशी त्याची खोली साधारण ५ ते १० सेंटिमीटरनं उतरते. म्हणजे दीड मीटर बर्फ दोन-तीन आठवडे सहज पुरतो. बर्फ किती उरलाय हा तुमचा प्रश्नच नव्हता. घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडे: रात्री तो गोठला होता का, उतार कुठल्या दिशेला तोंड करून होता, आणि लिफ्टपासून लिफ्टपर्यंत बोर्ड न काढता पोचता येत होतं का.

गोठणं आधी घेते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. दिवसा वितळायचं आणि रात्री गोठायचं, असं आठवडाभर चाललं की बर्फाचे कण गोल आणि जाड होतात, ज्वारीच्या दाण्याएवढे. रात्री दाण्यांमधलं पाणी गोठून दाणे एकमेकांना घट्ट धरतात आणि सकाळी उतार फरशीसारखा होतो. ऊन चढलं की वरचे दोन-चार सेंटिमीटर सुटे होतात, पण खालची फरशी तशीच राहते. यालाच कॉर्न म्हणतात. एज अलगद शिरते, बोर्ड थरथरत नाही, पडलात तरी लागत नाही. ज्यांना पावडर बर्फाचंच वेड आहे त्यांना पटणार नाही, पण मध्यम दर्जाच्या बोर्डरसाठी याहून चांगला बर्फ वर्षभरात नाही. एका उतारावर तो तासभर टिकतो, फार तर दोन. नंतर खालची फरशी विरघळते आणि रबरबाट सुरू होतो.

रात्री बर्फ गोठला का, हे नुसत्या तापमानावरून कळत नाही. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता थेट आकाशात सोडून देतो आणि हवेपेक्षा काही अंश जास्त थंड होतो. त्यामुळे हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असली तरी सकाळी उतार टणक सापडतो. ढगाळ रात्री मात्र ढग गोधडीसारखे पसरतात. मग हवा एक अंशावर असूनही बर्फ ओलाच राहतो आणि सकाळी सातलाच बूट रुततो. सगळ्यात वाईट म्हणजे दमट, कोमट वारा. हवेतलं बाष्प बर्फावर जमून पाणी होतं तेव्हा प्रत्येक ग्रॅममागे ७ ग्रॅमहून जास्त बर्फ वितळेल एवढी उष्णता सोडतं. धुकं बर्फ खातं असं डोंगरातले लोक म्हणतात, ते याच अर्थानं. उलट, हवा कोरडी असेल तर लख्ख उन्हातही बर्फ बराच तग धरतो. म्हणून अंदाज बघताना मी कमाल तापमान सर्वांत शेवटी बघते. आधी रात्रीचे ढग, मग दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पाणी होऊ लागतं ते), मग वारा. दवबिंदू शून्याखाली आणि रात्र निरभ्र असेल तर मी गजर लावते.

उंचीचा हिशेब सोपा आहे. दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंश कमी धरायचे. अंदाजात 'शून्य अंशाची पातळी ३,२०० मीटर' असं लिहिलं असेल तर २,५०० मीटरवरच्या पायथ्याशी हवा साडेचार अंशांच्या आसपास असणार. तिथे रात्रीचं गोठणं सगळं निरभ्र आकाशाच्या भरवशावर.

आता दिशा. उत्तर गोलार्धात सकाळचं ऊन पूर्वेच्या उतारांवर आधी पडतं, मग दक्षिणेच्या, दुपारी पश्चिमेच्या. उत्तरेकडचे उतार सगळ्यात उशिरा सैल होतात आणि बर्फही तिथेच सगळ्यात उशिरापर्यंत राहतो. तुमच्या गेल्या वर्षीच्या दिवसाचं निदान मी असं करीन: सकाळी तुम्ही पश्चिमेच्या किंवा उत्तरेच्या उतारावर गेलात, तो अजून उठला नव्हता, आणि दुपारी पूर्वेच्या उतारावर परत आलात, तो तोवर संपून गेला होता. दिवसभर डोंगर एकच होता, क्रम उलटा पडला. मे महिन्यात सूर्याच्या मागे मागे डोंगराभोवती फिरायचं असतं, त्यामुळे एकाच दिशेला तोंड करून असलेल्या छोट्या ठिकाणापेक्षा तीन बाजूंना उतार असलेलं ठिकाण केव्हाही बरं. नकाशात समोच्च रेषा बघून हे घरबसल्या कळतं.

जागेवर गेल्यावरची परीक्षा मी विद्यार्थ्यांना पहिल्याच सकाळी शिकवते. उतारावर उभं राहून बुटाची टाच मारायची. ठक्क आवाज आला आणि खूण उमटली नाही, तर अजून चहाला वेळ आहे. टाच दोन बोटं शिरली की बाइंडिंग (बूट बोर्डाला धरणारे पट्टे) बांधायचं. घोट्यापर्यंत बूट गेला की तो उतार त्या दिवसापुरता सोडायचा, कारण इतका भिजलेला बर्फ तीव्र उतारावरून थराथरानं घसरायला लागतो. ही ठक्क परीक्षा सोडून नऊच्या ठोक्याला वर गेलेले बोर्डर मी दरवर्षी बघते. टणक उतारावर हीलसाइडनं, म्हणजे टाचेकडच्या कडेवर, थांबायला जातात आणि एज धरतच नाही. टोसाइडची, म्हणजे पायाच्या बोटांकडची, एज अडकली तर शब्दशः तोंडघशी पडतात. मनगटं बहुतेक इथेच मोडतात. कॉर्नची वाट बघणं हा आळस नाही.

ठिकाणांकडे येण्याआधी एक गैरसमज. बरेच रिसॉर्ट बर्फ संपला म्हणून बंद होत नाहीत. गिऱ्हाईक कमी होतं, हंगामी कामगारांचे करार संपतात, जंगल खात्याच्या परवान्याची मुदत येते, म्हणून बंद होतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या उंच डोंगरांत तर बर्फातला पाणीसाठा साधारण एप्रिलच्या आरंभी शिगेला पोचतो आणि नेमक्या त्याच महिन्यात बऱ्याच लिफ्ट थांबतात. म्हणून 'बर्फ कुठे आहे' आणि 'चालू काय आहे' या दोन वेगळ्या याद्या करा. मोह होतो, पण बंद झालेल्या उतारावर स्वतःहून शिरू नका. काही ठिकाणी चालत चढायला परवानगी असते, काही ठिकाणी सक्त मनाई. तिथे बर्फ सपाट करणारी यंत्रं विंचच्या पोलादी दोराला बांधून काम करत असतात. तो दोर शेकडो मीटर लांब ताणलेला असतो, उजेडातही नीट दिसत नाही आणि क्षणात जमिनीवरून उसळतो.

बोर्डरांसाठी आणखी एक खोच. यूटामधलं आल्टा आणि डियर व्हॅली, व्हरमाँटमधलं मॅड रिव्हर ग्लेन या तीन ठिकाणी स्नोबोर्डला बंदी आहे. 'यूटामध्ये अजून बर्फ आहे' एवढं ऐकून आल्टाचं बुकिंग केलेले लोक मला भेटलेत. आल्टाच्या शेजारचं स्नोबर्ड मात्र बोर्ड घेतं आणि बहुतेक वर्षी मेमध्येही चालू असतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात लिफ्टनं जाता येईल अशी खात्रीची ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. ऑस्ट्रियातलं हिंटरटुक्स हिमनदीवर आहे, गोंडोलानं (दोरावर लटकणाऱ्या बंद डब्यानं) ३,२५० मीटरपर्यंत नेतं आणि वर्षभर चालतं. स्वित्झर्लंडमधलं त्सेरमाट त्याहून उंच आहे, वरचं स्थानक ३,८८३ मीटरवर. पण तिथला हिमनदीवरचा पठारी भाग सौम्य उताराचा आणि टी-बारचा (उलट्या 'टी'सारख्या दांड्यानं बर्फावरून ओढत नेणाऱ्या लिफ्टचा) आहे. उंचीवर आंधळा विश्वासही ठेवू नका: २०२२च्या हिवाळ्यात बर्फ इतका कमी पडला आणि उन्हाळा इतका तापला की जुलैच्या शेवटी त्सेरमाटलाही उन्हाळी उतार काही काळ बंद ठेवावे लागले. इटलीचं स्टेल्व्हिओ उलट्या पंचांगाचं आहे. घाटरस्ता हिवाळ्यात बंद, त्यामुळे तिथला हंगामच मेच्या शेवटी सुरू होतो. म्हणजे तुमच्या तारखांना ते उघडलेलंच नसेल.

अमेरिकेत कोलोरॅडोच्या अरापाहो बेसिनचा पायथाच ३,२८० मीटरच्या आसपास आहे आणि ते साधारण जूनच्या आरंभापर्यंत चालतं. कॅलिफोर्नियातलं मॅमथ ३,३६९ मीटर उंच. भरघोस बर्फाच्या २०२३ साली ते ६ ऑगस्टपर्यंत चालू होतं. ऑरेगनमधल्या माउंट हूडवर टिंबरलाइनची पामर लिफ्ट सुमारे २,६०० मीटरवर जाते आणि उन्हाळ्यात स्नोबोर्डची शिबिरं तिथेच भरतात. तिथे उतारावर मीठ टाकतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण मिठामुळे थोडा बर्फ विरघळतो, त्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूच्या ओल्या बर्फातून ओढली जाते आणि तो ओला बर्फ कडक होतो. पूर्वेकडच्या किलिंग्टनमध्ये उंची नाही, म्हणून ते सुपरस्टार नावाच्या एकाच उतारावर यंत्रानं केलेल्या बर्फाचा डोंगर रचतात. यंत्राचा बर्फ नैसर्गिक बर्फापेक्षा घट्ट, म्हणून तो मेच्या शेवटापर्यंत टिकतो, काही वर्षी तर १ जूनपर्यंत. एकाच पट्ट्यावर दिवसभर वर-खाली करायची तयारी असेल तरच तिथे जा.

उंची नसली तरी अक्षांश असतो. स्वीडनचं रिक्सग्रेन्सेन आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे २०० किलोमीटर उत्तरेला आहे. माथा जेमतेम ९०९ मीटर, आणि तरीही हंगाम फेब्रुवारीत सुरू होऊन मेच्या शेवटापर्यंत चालतो. डिसेंबर-जानेवारीत तिथे उजेड फारच थोडा असतो. जपानचा गास्सान आणखी मजेशीर: हिवाळ्यात एवढा बर्फ पडतो की लिफ्टच गाडली जाते, म्हणून ते एप्रिलमध्ये उघडतं आणि जुलैपर्यंत चालतं. गुलमर्गचं नाव निघेलच म्हणून सांगते: गोंडोलाचा दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर जातो, पण मेमध्ये त्यावर जाणारे बहुतेक लोक बर्फ बघायला जातात. सलग उतार मिळेल असं धरून चालू नका. न्यू हॅम्पशरमधली टकरमन घळ वसंतातल्या बोर्डरांची पंढरी, पण तिथे लिफ्ट नाही, सगळं पायी. म्हणजे तुमच्या यादीतून गेली.

सुट्टी सप्टेंबर-ऑक्टोबरला ढकलता आली तर गोष्टच वेगळी. तेव्हा दक्षिण गोलार्धात हंगामाचा शेवट असतो. न्यूझीलंडमधल्या रुआपेहू ज्वालामुखीवरचं तुरोआ, उशुआयाजवळचं सेरो कास्तोर, चिलीमधले सँतियागोच्या वरचे डोंगर, हे सगळे पर्याय मग खुले होतात.

हिमनदीवरच्या ठिकाणांबद्दल स्कीवाले एक गोष्ट सांगत नाहीत, कारण त्यांना तिचा त्रास नसतो. हिमनदीचा बर्फ वाहता असतो. त्यात चेअरलिफ्टचे खांब पक्के रोवणं अवघड, म्हणून तिथे टी-बार जास्त. टी-बारवर बोर्डर अंगाला पीळ देऊन, एका पायावर भार टाकून वर जातो. लांब टी-बारच्या दहा फेऱ्या झाल्या की पुढच्या पायाची पोटरी दगड होते. म्हणून लिफ्टचा नकाशा उघडून गोंडोला आणि चेअरलिफ्टवर किती उतार पुन्हा पुन्हा करता येतील ते मोजा. हिंटरटुक्स या बाबतीत त्सेरमाटपेक्षा उजवं आहे.

आणि सपाट पट्टे. माझीच फजिती सांगते. चार जणांना घेऊन मी एका ठिकाणी दुपारी तीनला शेवटच्या उतारावरून निघाले. खाली गोंडोलापर्यंत साडेतीनशे-चारशे मीटरचा जवळपास सपाट रस्ता होता. सकाळी त्यावरून आम्ही सरळ सुसाट आलो होतो. दुपारी बर्फ पाणीदार झालेला, बोर्डाच्या तळाला जळवेसारखा चिकटत होता. स्कीवाले काठ्या मारत निघून गेले. आम्ही मागचा पाय सोडवून ढकलायला लागलो तर पाय गुडघ्यापर्यंत आत. शेवटी बोर्ड सोडून चालत गेलो आणि खाली उतरणारी शेवटची गोंडोला समोरून जाताना बघितली. त्यानंतर मी नकाशावर निळा, म्हणजे सोपा किंवा मध्यम, उतार दिसला की आनंद मानत नाही, त्यात सपाट रस्ता किती लांब आहे हे बघते. पायथ्याचा बर्फ गेलेला असेल तर गोंडोलानं खाली येता येतं का आणि शेवटची फेरी किती वाजता, हे दोन प्रश्न तिकीट काढण्याआधी विचारून ठेवते.

त्या चिकटण्यावर उपाय आहे, अर्धा का होईना. उबदार तापमानासाठी असलेलं वॅक्स लावा, नीट खरवडा आणि ब्रश करा, म्हणजे तळावरच्या बारीक चरांतून पाणी निघून जाईल. चर फार बारीक असतील तर दुकानातून तळावर जाड रेघा मारून घ्या. फरक वॅक्सपेक्षाही जास्त जाणवतो. वसंतातला बर्फ मळका असतो: परागकण, धूळ, यंत्रांचं तेल. ते दर संध्याकाळी पुसलं नाही तर दुसऱ्या दिवशी नवं वॅक्सही फुकट जातं. फ्लुओरीनच्या वॅक्सच्या मागे लागू नका. एफआयएसनं (आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं) २०२३-२४च्या हंगामापासून स्पर्धांत त्यावर बंदीच घातली आहे आणि तुम्हाला त्याची गरजही नाही.

आता घरबसल्या तपासणी. वेबकॅमवर दुपारचं चित्र बघून भुलू नका, उन्हात सगळंच चकाकतं. पहाटेचं आणि संध्याकाळचं बघा. तिरप्या उजेडात खड्डे, खडकाभोवतीच्या पोकळ्या आणि मातीचे डाग उठून दिसतात. लिफ्टमध्ये चढायच्या जागेपाशी बर्फ ढकलून आणलेला असेल, त्याच्या दोन्ही बाजूंना तपकिरी जमीन दिसत असेल, तर आठवडा उरला समजा. सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी नवं, १० मीटर तपशिलाचं. नुसत्या डोळ्यांनी ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे दिसतात. त्यासाठी लघुतरंग अवरक्त पट्टा निवडा: त्यात बर्फ काळपट होतो आणि ढग पांढरे राहतात. मी उतारावर बोट ठेवून वरपासून खालच्या लिफ्टपर्यंत पांढरी रेघ सलग आहे का ते बघते. एका ठिकाणी जरी तुटली तरी तिथे बोर्ड काढायला लागणार हे नक्की. आणि मागच्या दोन चित्रांशी ताडून बघितलं की बर्फाची रेषा किती वेगानं वर चाललीय तेही कळतं. मळकट, पिवळसर झालेला बर्फ दिसला तर तो वेग वाढणार: ताजा बर्फ ८० ते ९० टक्के ऊन परतवतो, धुळीनं माखलेला निम्म्याच्या आसपास. आल्प्सवर सहारातली धूळ येते, कोलोरॅडोवर वाळवंटातली.

अमेरिकेत स्नोटेल नावाची स्वयंचलित केंद्रं डोंगरांत आहेत, त्यांची ताशी तापमानं खुली असतात. स्विस आल्प्ससाठी दावोसच्या एसएलएफ या बर्फसंशोधन संस्थेचे बर्फाचे नकाशे आणि हिमस्खलनाचे इशारे बघा. सलग तीन रात्रींचं किमान तापमान आणि ढग यांची जोडी जुळली की जागा निवडल्यात जमा.

सुरक्षिततेचं मोजकंच. खडकाभोवतीची पोकळी आणि ओढ्यावरचा बर्फाचा पूल वरून दिसत नाहीत, म्हणून खडकापासून दोन हात लांबून जा. हिमनदीवर खुणेच्या काठ्यांबाहेर पाऊलही टाकू नका, मेमध्ये भेगांवरचे बर्फाचे पूल रोज पातळ होत असतात. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेलाही लावा. बर्फ ऊन खालून मारतो, आणि ते भाजणं आठवडाभर छळतं.

तर तुमच्यासाठी: चढणं नको, मध्यम उतार हवेत, तारीख हलत नाही. मी पहिलं हिंटरटुक्स धरीन. हिवाळा बरा गेला असेल तर मॅमथ त्याहून मजेचं, कारण तिथे डोंगर मोठा आणि उतार बऱ्याच दिशांना आहेत. पण हिवाळा कोरडा गेला असेल तर ते तुमच्या तारखेआधीच बंद झालेलंही असू शकतं, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला बर्फातला पाणीसाठा बघितल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. अरापाहो बेसिन तिसरं, आणि तिथे गेलात तर पहिला दिवस उंचीची सवय करण्यात घालवा. रिक्सग्रेन्सेन मी दुसऱ्या खेपेसाठी ठेवीन: हवा तासाभरात पालटते आणि मेमध्ये रात्री पुरता काळोखच होत नाही, त्यामुळे वर सांगितलेलं वेळापत्रक तिथे तसंच्या तसं चालत नाही. बुकिंग रद्द करता येईल असंच करा, निघायच्या चार दिवस आधी रात्रीच्या ढगांचा अंदाज बघा. चारही रात्री ढगाळ आणि दमट दिसल्या तर हिमनदीवरच्या सगळ्यात वरच्या लिफ्टपुरताच बेत ठेवा, खालच्या उतारांची आशा सोडा.